घाटात साइड देताना

बेळगावच्या माणसाला गोवा लांब वाटत नाही. सकाळी उठून जांबोटी रस्त्याला लागायचं, कणकुंबीला चहा घ्यायचा, चोर्ला उतरून केरी, साखळी करत दुपारच्या जेवणाला मासे खायचे. कुणाची आत्या म्हापशाला असते, कुणाचं आजोळ डिचोलीला. आपल्या बाजारातली भाजी पहाटे याच रस्त्याने गोव्यात जाते आणि सुटीच्या दिवशी गोव्याची माणसं खरेदीला याच रस्त्याने इकडे येतात. रस्ता इतका सवयीचा, की तो घाट आहे हेच आपण विसरतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या घराघरांतून मुलामुलींनी मोटारसायकली घेतल्या. त्यांचे आईवडील मला भेटले की म्हणतात, ‘तू इतकी वर्षं जातोस, त्याला काहीतरी सांग की.’ हेल्मेट, जॅकेट, टायरमधली हवा हे सांगणारे पुष्कळ असतात. मी एकच गोष्ट सांगतो. घाटात मागून कुणी जोरात आलं तर आपण काय करायचं, आणि मागून जोरात येणारे आपणच असलो तर काय करायचं. ही गोष्ट मला कशी कळली ते मात्र मी आजवर दोन-चार जणांनाच सांगितलं आहे.

२०१५ चा ऑक्टोबर होता. पाऊस नुकताच संपला होता. मी बीई होऊन नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या पगारांतून जमवलेल्या पैशांतून २०० सीसीची गाडी घेतली होती. आम्ही पाच मित्र गोव्याला निघालो. पुढचे दोघे चांगले चालवणारे. मी पाचवा, शेवटचा. कणकुंबीपर्यंत सगळे एकत्र होतो. चोर्ला गाव मागे पडलं, उतार सुरू झाला आणि पुढचे चौघे वळणाआड दिसेनासे व्हायला लागले. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसतील. दिसायचे नाहीत. मग मी पुढच्या वळणात जरा जास्त वेगाने शिरायचो.

अशात एक स्कूटर पुढे आली. साठीकडे झुकलेले एक काका, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या मावशी, त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी. वेग फार तर तीसचा. माझे चारही मित्र त्यांना ओलांडून गेले होते, म्हणजे चार वेळा त्यांच्या कानाजवळून गाडी गेली होती. मी पाचवा. मी हॉर्न वाजवला. काका थोडे डावीकडे झाले, पण समोर वळण होतं. मी पुन्हा वाजवला आणि आणखी जवळ गेलो. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा त्यांच्या मागच्या चाकात आणि माझ्या पुढच्या चाकात दोन-अडीच मीटर अंतर असेल. काकांनी स्कूटर आणखी डावीकडे घेतली. डांबर संपलं, साइडपट्टीवरची ओली खडी लागली, पुढचं चाक घसरलं आणि दोघंही गटाराच्या कडेला पडले.

डावीकडे डोंगर होता. त्या जागी दरी असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

मी थांबलो. काकांचा गुडघा सोलवटला होता. मावशींनी हात टेकला होता, मनगट वेडंवाकडं झालं होतं. मी स्कूटर उचलली, बाटलीतलं पाणी दिलं, भाजीची एक पिकअप थांबवली, दोघांना तिच्यात बसवलं आणि मागोमाग साखळीला दवाखान्यात गेलो. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. मी बिल दिलं. काका नको नको म्हणत राहिले. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले ते. मुलीकडे केरीला निघाले होते. पिशवीत तिच्यासाठी तांदूळ होते. निघताना काकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘चुकलं पोरा आमचंच. लवकर साइड द्यायला पाहिजे होती.’

मी काही बोललो नाही.

मित्र केरीत चहाच्या टपरीवर तासभर वाट बघत बसले होते. मी त्यांना सांगितलं, ‘एक स्कूटर घसरली होती, त्यांना दवाखान्यात नेलं.’ सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी आल्यावर आईला तेच सांगितलं. तिने ते शेजारी सांगितलं, दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. ‘आमचा थांबला हो, बाकी कोण थांबतं आजकाल?’ प्रत्येक वेळी मी खाली मान घालून फराळ खात बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

शेवटी मी ते मामांना सांगितलं. माझे मामा सरकारी बसवर चालक होते. त्यांची बरीच नोकरी गोव्याच्या फेऱ्यांवर गेली. निवृत्त झाल्यावर जुन्या १०० सीसीच्या गाडीवरून गावभर फिरायचे. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

‘हॉर्न किती वेळा वाजवलास?’

‘तीनदा.’

‘पडला तेव्हा तुझ्यात आणि त्याच्यात अंतर किती होतं?’

मी सांगितलं. मामा म्हणाले, ‘मग तो रस्त्याकडे बघतच नव्हता रे. तो आरशात तुला बघत होता.’

दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावं असं मला वाटतं. दुचाकी नजर जाते तिकडे जाते. वळणाच्या शेवटाकडे बघितलं तर वळण पार होतं, खड्ड्याकडे बघत राहिलं तर खड्ड्यातच जातं. मागच्याने हॉर्न वाजवून पुढच्याची नजर आरशात ओढली की त्याचा रस्ताच आपण काढून घेतलेला असतो. चारचाकीवाला निदान चार चाकांवर उभा असतो. दुचाकीवाल्याला वळणात कललेलं असताना डावीकडे फूटभरही सरकायला जागा नसते. कडेला खडी, ओला पाला, पावसाळ्यात शेवाळ, कधी ट्रकमधून सांडलेलं डिझेल. आणि आपण मागून त्याला सांगत असतो, तिकडेच जा.

मामांनी त्यानंतरच्या रविवारी मला गाडीवर मागे बसवलं. कणकुंबीपासून केरीपर्यंत जायचं आणि माझं काम एकच, मागे वळून बघत राहायचं आणि मागून किती गाड्या येतात ते सांगायचं. इंजिनीअर झालेल्या माणसाला हे काम जरा कमीपणाचं वाटलं. पण सांगणार कुणाला?

मामा चाळिसाच्या पुढे गेले नाहीत. मागून गाडी आली की मी सांगायचो, ‘एक आली.’ मामा वळणात काहीच करायचे नाहीत. आपल्या पट्टीत, आपल्या रेषेत, आहे त्याच वेगाने वळण पुरं करायचे. मागच्याने हॉर्न दिला तरी तसेच. वळण संपून सरळ तुकडा आला की गाडी हळूच डावीकडे घ्यायचे, पण डांबर सोडून नाही. अॅक्सिलरेटर सोडायचे. ब्रेक मारायचे नाहीत, कारण मागचा तेवढ्यात पुढे यायला निघालेला असतो. गाडी पुढे गेली की पुन्हा आपल्या जागी. मागे तीन-चार साठल्या आणि सरळ तुकडा मिळत नसला तर रुंद जागा बघून सरळ थांबायचे आणि सगळ्यांना जाऊ द्यायचे.

केरीला उतरेपर्यंत आम्ही १९ गाड्या सोडल्या. प्रत्येक वेळी फार तर पाच सेकंद गेले असतील. मी हिशेब केला. सगळे मिळून दीड-दोन मिनिटं.

परत येताना मामा म्हणाले, ‘एक लक्षात ठेव. साइड दे, पण “ये” म्हणू नकोस.’

तेव्हा ते नीट कळलं नाही. पुढे कळलं. आपल्याकडे घाटात ट्रकवाले इंडिकेटर दाखवून मागच्याला जायला सांगतात. कुणी डावा दाखवतो, म्हणजे ‘मी डावीकडे राहतो, तू जा’. कुणी उजवा दाखवतो, म्हणजे ‘उजवीकडून जा’. आणि कुणी उजवा दाखवतो तो खरोखर उजवीकडे वळायचं म्हणून. यातला अर्थ मागच्याने ओळखायचा. दुचाकीवाले डावा हात हलवून ‘या, या’ करतात. पण पुढच्याला दिसतं ते त्याच्या जागेवरून, त्याच्या वेगाला पुरेल इतकं. मागच्याला लागणारा रस्ता वेगळा असतो. आपण हात दाखवला, तो आपल्यावर विश्वासून बाहेर आला आणि समोरून टँकर आला तर? म्हणून आपण सांगायचं ते इतकंच, ‘तू मला दिसलास, मी जागा करतोय.’ जायचं की नाही हे ज्याने त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवायचं. डावीकडे सरकून वेग कमी केला की ते आपोआप सांगून होतं. वळणात तर दोन्ही हात हँडलवरच हवेत.

गंमत म्हणजे, नियमात यासाठी हाताची खूण होती. १९८९ च्या रस्ते-नियमांत मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी उजवा हात आडवा बाहेर काढून मागेपुढे अर्धगोल हलवायला सांगितलं होतं. मोटारीच्या खिडकीतून ते जमेल. मोटारसायकलवर उजव्या हातात अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो, घाट उतरताना तो हात सोडणार कोण? पण त्याच नियमांतल्या दोन गोष्टी २०१७ च्या नव्या नियमांतही राहिल्या आणि त्या घाटात फार कामाच्या आहेत. पहिली, कुणी आपल्याला ओलांडत असेल तर आपण वेग वाढवायचा नाही. दुसरी, रस्ता दोन गाड्यांना पुरेसा नसेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. ही दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पहिली ठाऊक असूनही पाळली जात नाही, कारण मागून कुणी आलं की मनगट आपोआप पिळलं जातं.

त्याने काय होतं ते मी एकदा कागदावर मांडून बघितलं. अंकांची सवय असलेल्या माणसाला अंकांनीच पटतं.

समजा, पुढची गाडी ताशी ४० ने चालली आहे आणि मागची ६० ने ओलांडते आहे. मागच्याला १५ मीटर मागून निघून १५ मीटर पुढे जायचं आहे, म्हणजे ३० मीटर जास्त कापायचे आहेत. दोघांच्या वेगात २० चा फरक. त्याला सुमारे साडेपाच सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो ९० मीटर जातो. समोरून ताशी ५० ने गाडी आली तर ती तेवढ्यात ७५ मीटर आत येते. म्हणजे मोकळा दिसणारा रस्ता किमान १६५ मीटर हवा.

आता पुढच्याने फक्त अॅक्सिलरेटर सोडला आणि वेग २५ वर आणला. तेच काम तीन सेकंदांत होतं आणि ९५ मीटर पुरतात.

आणि पुढच्याला राग आला, त्याने वेग ५० केला तर? फरक फक्त १० चा राहतो. ओलांडायला जवळजवळ ११ सेकंद लागतात आणि मोकळा रस्ता लागतो ३३० मीटर. चोर्ल्यात इतका सरळ तुकडा मला कुणी दाखवावा.

९५ आणि ३३०. मागच्याची गाडी तीच, वेग तोच. फरक पडला तो पुढच्याच्या उजव्या मनगटाने. ओलांडणारा घाईत असेल, उद्धट असेल, चुकीचा असेल. तरीही तो समोरच्या गाडीवर आदळू नये यातला मोठा वाटा आपल्या हातात असतो. आणि तो आदळला तर ते आपल्यापासून पाच फुटांवर होणार असतं, हेही विसरू नये.

हे झालं पुढच्याचं. मागच्याचं काम खरं तर सोपं आहे आणि म्हणूनच ते कुणी शिकवत नाही. थांबायचं. पुढच्याच्या मागे दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. पुढचा ज्या खांबापाशी आहे तिथे आपण ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणून झाल्यावर पोहोचायला हवं. त्याच्या आरशात दिसू अशा जागी राहायचं, पण त्याच्या पाठीवर बसायचं नाही. हॉर्न वळणात द्यायचा नाही, सरळ तुकड्यावर एकदाच, छोटा द्यायचा. ‘हॉर्न ओके प्लीज’ ट्रकांच्या मागे वाचत आपण मोठे झालो. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ते लिहायला बंदी झाली, पण आपल्या अंगठ्यातून ते अजून गेलेलं नाही. आणि पुढच्याने साइड दिलीच नाही तर? तर नाही दिली. कदाचित त्याला आपण दिसलो नसू, कदाचित तो घाबरला असेल, कदाचित त्याच्या पुढचा खड्डा आपल्याला दिसत नसेल.

ओलांडायचं ते उजवीकडूनच आणि पलीकडचं स्पष्ट दिसत असेल तरच. वळणात आतल्या बाजूने घुसणं म्हणजे कललेल्या माणसाच्या अंगाखालून जाणं. ओलांडल्यावर लगेच त्याच्या पुढ्यात कट मारायचा नाही. सरळ रस्ता असेल तर हात वर करून आभार मानायचे. चार जण मिळून चालले असतील तर प्रत्येकाने स्वतः बघून ओलांडायचं. पुढचा मित्र गेला म्हणून त्याच्या शेपटीला धरून दुसरा निघाला, की पहिल्याला मोकळा दिसलेला रस्ता दुसऱ्यासाठी मोकळा उरलेला नसतो.

या शेवटच्या मुद्द्यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. त्या दिवशी स्कूटरवाल्या काकांच्या दृष्टीने मी जोरात येणारा होतो. माझ्या मित्रांच्या दृष्टीने मी मागे पडलेला होतो. मला कुणी हॉर्न मारत नव्हतं, तरी कानात वाजत होताच. तो मी काकांच्या कानात नेऊन वाजवला. मित्रांपैकी कुणी मला ‘ये लवकर’ म्हटलं नव्हतं. पण ‘सावकाश ये, केरीला थांबतो’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्याने एक मनगट वाचलं असतं.

आता आम्ही निघताना ते वाक्य म्हणतो. पुढे कुठे थांबायचं ते आधी ठरवतो आणि तिथे पोहोचेपर्यंत कुणी कुणाच्या नजरेत राहायची गरज नाही, हेही बोलून घेतो. सर्वांत नवखा असेल त्याला दुसऱ्या नंबरवर ठेवतो, म्हणजे पहिल्याला त्याच्या वेगाने चालावं लागतं. शेवटी एक जाणता असतो. फाटा आला की सगळे येईपर्यंत थांबतो. यामुळे गोव्याला पोहोचायला पंधरा मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यात मासे संपत नाहीत.

मामांना सांगून माझं मन हलकं झालं होतं, पण मामांनी तिथे सोडलं नाही. म्हणाले, ‘मला सांगून काय उपयोग? माझा हात मोडला नव्हता.’

जानेवारीत मी कुंद्याचा डबा घेऊन त्या गावी गेलो. दवाखान्याच्या कागदावर गावाचं नाव बघितलं होतं आणि खेड्यात विचारत गेलं की घर सापडतं. काका शेतावर गेले होते. मावशी अंगणात होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण मूठ पुरती मिटत नव्हती. ‘भाकरी थापताना दुखतंय बघ,’ म्हणाल्या. मी खाली बसलो आणि सांगितलं. हॉर्न मी वाजवला, जवळ मी आलो, काकांची चूक नव्हती.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला ठाऊक होतं की रे. मागं मीच बसले होते. हॉर्न माझ्याच कानात वाजत होता.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू थांबलास म्हणून.’ मग चहा ठेवायला उठताना म्हणाल्या, ‘यांना मात्र सांगून जा. उगीच स्वतःला लावून घेतलंय. तेव्हापासून स्कूटरला हात लावला नाही.’

काका येईपर्यंत मी बसलो. त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. डबा घेतला, आत ठेवला. मला रस्त्यापर्यंत सोडायला आले नाहीत आणि ते त्यांचं बरोबर होतं.

मामा आता नाहीत. मोठ्या बहिणीची मुलगी कॉलेजात आहे. गेल्या हिवाळ्यात तिने मोटारसायकल घेतली आणि ‘मामा, चोर्ल्याला नेशील का?’ म्हणून मागे लागली. माझ्या मामांना मी ‘तुम्ही’ म्हणायचो, ही मला ‘तू’ म्हणते. बाकी मामाचं काम तेच आहे.

तिला पुढे ठेवलं, मी मागे राहिलो. वर सांगितलेलं सगळं पिरनवाडीच्या फाट्यावर सांगून झालं होतं. स्कूटरची गोष्टही सांगितली होती. मागे असण्याचा एक फायदा असतो. जोरात येणारा आधी माझ्यापर्यंत येतो आणि मी त्याला सरळ तुकड्यावर सोडला, की त्याची घाई तिच्यापर्यंत निम्मीच पोहोचते. तरी चोर्ल्यानंतर एका उतारावर मोठ्या गाड्यांचा एक गट आला. सात-आठ जण, सायलेन्सरचा आवाज डोंगरावर आपटत होता. पहिल्याने मला ओलांडलं, तिच्या मागे लागला आणि वळणाच्या तोंडावर हॉर्न दिला. माझ्या पोटात गोळा आला. ती जागची हलली नाही. वळण पुरं केलं, सरळ रस्ता आला, डावीकडे झाली, वेग कमी केला. तो गेला. मागचे दोघे गेले. चौथा जायला निघाला होता, पण समोरून बस दिसली म्हणून थांबला. बस गेल्यावर तो गेला आणि जाताना त्याने हात वर केला. पुढच्या रुंद जागेवर तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि उरलेल्या सगळ्यांना जाऊ दिलं.

तिथे मी तिच्याजवळ जाऊन थांबलो. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, ‘मामा, कणकुंबीपासून सतरा झाल्या.’ मी तिला मोजायला सांगितलं नव्हतं.

‘भीती वाटली?’

‘पहिल्या हॉर्नला वाटली. आरशात बघणार होते. मग तुझ्या त्या काकांची आठवण झाली.’

आम्ही केरीत पोहोचलो तेव्हा तो गट टपरीसमोर गाड्या लावून बसला होता. आम्ही शेजारच्या बाकावर बसलो. त्यांचा चहा अजून यायचा होता.